सासऱ्यांची २०११ ची इनोव्हा: ठेवावी, की विकावी?

शाहूपुरीची_सून

नमस्कार. आमच्या घरात एका जुन्या गाडीवरून बरेच दिवस चर्चा चालू आहे, आणि प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी रास्त असल्यामुळे निर्णय काही होत नाही. म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

माझ्या सासऱ्यांनी मार्च २०११ मध्ये आठ आसनांची डिझेल इनोव्हा नवी घेतली. वयोमानाने त्यांनी गाडी चालवणे सोडल्यावर ती थोरल्या भाऊजींकडे गेली. त्यांनी ती शिरोलीच्या कारखान्यात जाण्यायेण्यासाठी आणि गावाकडच्या शेतीच्या कामासाठी भरपूर वापरली, आणि आता स्वतःसाठी नवी गाडी घेतल्यावर "घरातली गाडी घरातच राहू दे" असे म्हणून ती आमच्या दारात आणून लावली. सासरे गेल्या वर्षी वारले. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे आणि येत्या मार्चमध्ये, म्हणजे २०२६ साली, तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होतील.

गाडी दोन लाख किलोमीटरच्या बरीच पुढे गेली आहे. इंजिन सकाळी पहिल्या चावीला सुरू होते. मात्र खराब रस्त्यावर पुढच्या चाकांकडून खडखडाट येतो, एसीचा गारवा मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही आणि मागच्या दाराच्या खालच्या कडेला पत्रा गंजू लागला आहे. मॉडेल खालच्या श्रेणीचे असल्यामुळे तिच्यात एअरबॅग नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरले तेव्हा ती दारातच उभी होती. पूर ओसरल्यावर भाऊजींनी तिची कामे करून घेतली होती, पण नेमकी कोणती, हे सांगणारी बिले आज घरात नाहीत.

आमची गरज अशी आहे. रोजच्या कामाला माझ्या पतींची मोटरसायकल आणि माझी स्कूटर पुरते. परंतु सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खाली वाकून छोट्या मोटारीत बसणे जमत नाही आणि इनोव्हाच्या आसनावर मात्र त्या कोणाचा हात न धरता बसतात. जोतिबा, नरसोबाची वाडी आणि गगनबावड्याच्या बाजूचे माझे माहेर अशा फेऱ्या महिन्यातून एक-दोनदा होतात, तेव्हा दोन मुलांसह सहाजण एकत्र जातो. पतींचे म्हणणे आहे की जुन्या गाडीवर पैसे घालत बसण्यापेक्षा ती विकावी. सासूबाई काही बोलत नाहीत, पण गाडी त्यांच्या यजमानांनी घेतलेली आहे, हे आम्ही सगळे जाणतो. नातेवाइकांपैकी काहीजण सांगतात की डिझेल गाडी दहा वर्षांनंतर चालवताच येत नाही.

मागील आठवड्यात एक एजंट घरी येऊन गेले. एका तालुक्याच्या गावी वडाप करणारे, म्हणजे खासगी गाडीत भाड्याने प्रवासी नेणारे गिऱ्हाईक तयार आहे, टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या अर्जावर) सह्या द्या, पैसे लगेच रोख घ्या, नाव आम्ही सवडीने बदलून घेऊ, असे ते म्हणाले. रक्कम आम्हाला अपेक्षेपेक्षा बरी वाटली. काय करावे?

कागदपत्रे_आधी

ताई, मी अनेक वर्षे वाहन विम्याच्या दाव्यांचे काम केले आहे, त्यामुळे उत्तर शेवटून सुरू करतो. त्या एजंटांना आज कोणतीही सही देऊ नका.

याचे पहिले कारण असे की तुमच्यापैकी कोणालाही ही गाडी विकण्याचा अधिकार कागदावर अजून मिळालेला नाही. नोंदणीकृत मालकाचे निधन झाल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. मुदत उलटली म्हणून दार बंद होत नाही, विलंबाचे शुल्क भरून काम होते, पण ते टाळता येत नाही. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), चालू विमा, पीयूसी आणि बाकीच्या वारसांची संमती लागेल. तुमच्या घरात सासूबाई, तुमचे पती आणि भाऊजी हे वारस आहेतच, शिवाय नणंदा असतील तर त्यांचीही संमती घ्या. गाडी कोणा एकाच्याच नावावर करा. वारसाच्या नावावर नोंद झाल्यानंतरच फॉर्म २९ आणि ३० म्हणजे तुमचे ते टीटी फॉर्म भरून पुढे विक्री करता येते. निधन पावलेल्या माणसाच्या नावावरील गाडीच्या टीटी फॉर्मवर कोणी सही करायला सांगत असेल, तर ती सही कोणाच्या नावाने करायची, असा प्रश्न त्यांना अवश्य विचारा.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. गाडी ताब्यातून गेली, पैसे मिळाले, पण आरसीवर नाव तुमच्याच घराचे राहिले, आणि अशा गाडीने कोणाला धडक दिली, तर भरपाईसाठी कायदा नोंदणीकृत मालकाकडेच पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत सांगितली आहे, आणि त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ एक अशा अनेक हातांत गेलेली होती. त्यातही गिऱ्हाईक वडाप करणारे आहे. खासगी नोंदणीच्या, पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन प्रवासी बसवणे हा विम्याच्या अटींचा भंग आहे, आणि तसा अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. तशा वेळी राहतो तो आरसीवरचा माणूस. आपल्याकडे गावोगावच्या लोकांची वडापावाचून सोय नाही हे मला ठाऊक आहे आणि त्या चालकांविषयी माझ्या मनात कोणताही आकस नाही, पण दुसऱ्याच्या धंद्याची जोखीम तुमच्या सासऱ्यांच्या नावावर राहू नये.

आता नातेवाइकांच्या म्हणण्याविषयी. डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा घालणारे आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिले, ते दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रापुरते. कोल्हापूरच्या खासगी गाडीला तो नियम लागू नाही. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर गाडीची तपासणी होते आणि ती योग्य ठरल्यास नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी वाढते. त्यासाठी फॉर्म २५ असतो आणि मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आहे, त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटू दिली तर दरमहा ५०० रुपयांचा दंड चढत जातो. वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये हेच शुल्क १०,००० रुपये केले, पण तो प्रश्न तुमच्यापुढे २०३१ मध्ये येईल.

तोवर आणखी काही गोष्टी पाहून ठेवा. गाडी कर्जावर घेतली असेल तर आरसीवर बँकेचा बोजा राहिला आहे का, ते पाहा. कर्ज फिटून वर्षे झाली तरी ती नोंद तशीच राहिलेली पुष्कळदा आढळते, आणि बँकेचे पत्र व फॉर्म ३५ दिल्याशिवाय ती निघत नाही. थकलेली ई-चलने भरून टाका. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे, आणि ती नसेल तर नाव बदलण्याचे कामही अडते. मोटारीसाठी तिचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी एवढाच आहे, त्यामुळे ते काम मागे ठेवू नका.

विम्याकडेही लक्ष द्या. मालकाच्या निधनानंतर पॉलिसी फार तर तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, वारसांच्या उपयोगाची असते. आज ही गाडी रस्त्यावर आणताना तुमच्या पतींच्या पाठीशी नेमके काय आहे, हे पॉलिसी हातात घेऊन तपासा, आणि खात्री होईपर्यंत ती दारातच उभी ठेवा. ठेवायची की विकायची, हा प्रश्न त्यानंतरचा.

उद्यमनगर_गॅरेज

कागदांविषयी वर लिहिलेले सर्व योग्य आहे. मी गाडीविषयी लिहितो, कारण माझा सगळा दिवस याच गाड्यांखाली जातो.

तुम्ही लिहिलेला खडखडाट आणि एसी या दोन गोष्टींवरून गाडीविषयी मत बनवू नका. एवढ्या चाललेल्या गाडीचे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे चाकांना धरणारे आणि धक्के झेलणारे भाग, झिजलेले असणारच, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यानंतरचे रस्ते पाहता ते बदलणे हा नेहमीच्या देखभालीचाच भाग आहे. मागच्या एसीचा ब्लोअर स्वच्छ करून, गॅसची गळती पाहून बहुतेक वेळा काम भागते. इंजिन २,४९४ सीसीचे कॉमन रेल डिझेल आहे आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेले असेल तर ते दोन लाखांनंतरही पुष्कळ चालते. या इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा असतो. तो शेवटचा कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चाला, कारण चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग इंजिनच खोलावे लागते.

माझी खरी चिंता गंज आणि पूर ही आहे. इनोव्हाची बांधणी वेगळ्या चॅसीवर केलेली असते, म्हणजे खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा आणि त्यावर बॉडी. दाराची कड गंजली तर डेंटर पत्रा कापून नवा तुकडा जोडतो, त्यात काळजीचे काही नाही. सांगाड्याला आतून गंज लागला असेल तर मात्र मी कोणालाही ती गाडी घाटात न्यायला सांगणार नाही. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून चॅसी संपूर्ण लांबीभर पाहा, विशेषतः मागच्या चाकांच्या वरचा भाग, स्प्रिंगच्या बैठका आणि क्रॉस मेंबरचे जोड, आणि तेथे हातोडीने हलके ठोकून आवाज ऐका. भरीव लोखंडाचा आवाज खणखणीत येतो आणि पोखरलेल्याचा बद्द. खालून नवे काळे कोटिंग मारलेले दिसले तर समाधान मानू नका, कारण गंजावर मारलेले कोटिंग गंज झाकते आणि आत ओल धरून ठेवते.

तुमच्याकडून एक गोष्ट कळणे आवश्यक आहे. २०१९ ला पाणी गाडीत कुठपर्यंत चढले होते? चाकांपर्यंत, आसनांपर्यंत, की डॅशबोर्डपर्यंत? आणि पाण्यात उभी असताना किंवा पाणी उतरल्याबरोबर कोणी ती चालू करून पाहिली होती का?

शाहूपुरीची_सून

दोघांचेही मनापासून आभार. भाऊजींना फोन करून विचारले. पाणी आसनांच्या खालपर्यंत आले होते, पायाखालचा गालिचा पूर्ण भिजला होता, पण आसनांच्या गाद्या कोरड्या राहिल्या. गाडी कोणीही चालू केली नाही. बॅटरीची वायर काढून ती ओढून गॅरेजला नेली. गालिचा काढून वाळवला, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचे (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचे) ऑइल बदलले, पुढच्या चाकांचे बेअरिंग घातले, एवढे त्यांना आठवते. टायमिंग बेल्टचे काही आठवत नाही.

आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे, असे आज पाहिल्यावर लक्षात आले. कर्ज कधीच फिटले आहे. विम्याची मुदत संपायला दीड महिना उरला आहे, पण वर लिहिल्याप्रमाणे तो आमच्या उपयोगाचा नाही असे दिसते. गाडी आता दारातच उभी केली आहे.

उद्यमनगर_गॅरेज

भाऊजींनी योग्य तेच केले. पुरात भिजलेल्या गाड्यांचे इंजिन पाण्यापेक्षा अधिक करून माणसांच्या घाईमुळे जाते, कारण सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. तुमच्या बाबतीत तो धोका टळला आहे, आणि त्यानंतर गाडी इतकी वर्षे चालली आहे.

आसनांच्या खालपर्यंत पाणी आले असेल तर आता तीन गोष्टी पाहाव्यात. गालिचा पूर्ण उचलून खालचा पत्रा आणि त्यावरून जाणाऱ्या वायरींचे जोड पाहा, कारण पुराचा बारीक गाळ जोडांत बसतो आणि हिरवट गंज कित्येक वर्षांनी त्रास देऊ लागतो. पट्ट्यांची गुंडाळी आसनाच्या बाजूला खालीच असते, त्यामुळे प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून झटका देऊन तो अडकतो का, ते पाहा. तिसऱ्या रांगेतले पट्टेही सोडू नका. आणि डिफरन्शियलचे ऑइल एकदा काढून त्याचा रंग पाहा. ते दुधाळ असेल तर आत पाणी जात आहे.

टायरही पाहून घ्या. कडेवर शेवटी चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र कडक होऊन भेगाळलेले असते.

हे सर्व एका दिवसात पाहून होते. ज्याच्याकडून दुरुस्ती करून घेणार नाही, अशा मिस्त्रीला तपासणीचे पैसे देऊन त्याच्याकडून कामांची यादी लिहून घ्या आणि ती यादी घेऊन दुसरीकडे दर विचारा. चॅसी चांगली निघाली तर माझे मत गाडी ठेवण्याकडे झुकते. चॅसी गेलेली असेल तर एक रुपयाही तिच्यावर घालू नका.

पन्हाळा_रोड

मी अपघात विभागात परिचारिका म्हणून काम करते. वरील दोघांनी गाडी वापरण्यायोग्य आहे का, याचे उत्तर उत्तम दिले आहे, परंतु ताईंच्या पहिल्या संदेशातील एक वाक्य सर्वांनी ओलांडून पुढे गेल्यासारखे मला वाटते. त्या गाडीत एअरबॅग नाहीत आणि तिच्यातून दोन मुले प्रवास करतात.

आपल्या देशात प्रत्येक नव्या मोटारीला चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि शेजारच्या प्रवाशाची जानेवारी २०२२ पासून. अचानक ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना लागते. २०११ च्या खालच्या श्रेणीच्या मॉडेलमध्ये यांपैकी काही नसेल, तर ती उणीव कोणताही मिस्त्री भरून काढू शकत नाही, कारण एअरबॅग मागाहून बसवता येत नाही. इंजिन कितीही निरोगी असले तरी पुणे-बंगळूर महामार्गावर समोरून एखादा उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन उलट दिशेने आला, आणि गळिताच्या हंगामात रात्रीच्या वेळी तो येतो हे आपण सगळे पाहतो, तर आतल्या माणसांचे काय होईल, हा प्रश्न मला सर्वांत आधीचा वाटतो.

कुटुंबाची गरज मोठ्या गाडीची असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलेला आहे, आणि रेनो ट्रायबरसारखी सात आसनांची गाडी त्या गटात बसते. अर्टिगा त्याहून मोठी असली तरी सीएनजीवर मिळते. सासूबाईंना शोरूममध्ये घेऊन जाऊन प्रत्यक्ष बसवून पाहावे. गुडघ्यांचा प्रश्न आसनाच्या उंचीचा आहे, आणि इनोव्हाशिवाय तो सुटणारच नाही असे गृहीत धरू नये. माझे मत विकण्याचे आहे, आणि मला ते ठामपणे सांगावेसे वाटते.

कसबा_बावडा

पन्हाळा रोडवरील ताईंचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे, तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य करणे मला अवघड जाते. आमच्या घरीही वडिलांनी दिलेली जुनी सात आसनी गाडी आहे आणि आम्ही ती ठेवली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ज्या घरात रोजचा प्रवास दुचाकीवर होतो आणि मोठी गाडी महिन्यातून एक-दोनदाच बाहेर पडते, त्या घरात गाडी विकल्यावर तिची जागा बहुधा नवी सुरक्षित गाडी घेत नाही. हप्ता परवडत नाही म्हणून खरेदी पुढे ढकलली जाते, आणि मधल्या काळात तेच कुटुंब कधी मोटरसायकलवर तिघे बसून, कधी वडापात दाटीवाटीने बसून जोतिबाला जाते. ताईंच्या घरी पैसे बाजूला ठेवलेले असतील आणि इनोव्हा विकल्याबरोबर दारात नवी गाडी येणार असेल, तर विकावी. तसे नसेल तर एअरबॅग नसलेल्या, पण चांगल्या ब्रेकच्या, चांगल्या टायरच्या आणि सर्व पट्टे चालू असलेल्या गाडीची तुलना शोरूममधल्या गाडीशी करून काय उपयोग? ती प्रत्यक्षात वाट्याला येणाऱ्या पर्यायाशी करायला हवी.

तिसरा पर्यायही आहे आणि तो आपल्याकडे फारसा कोणी विचारात घेत नाही. महिन्यातून एक-दोन फेऱ्यांसाठी चालकासह चांगली गाडी भाड्याने घेता येते. इनोव्हा वर्षभर दारात उभी असली तरी विमा भरावाच लागतो. जून २०२२ च्या दरांनुसार १,५०० सीसीपेक्षा मोठ्या खासगी मोटारीचा नुसता तृतीय पक्ष विमाच (आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास लागू होणारा) वर्षाला ७,८९७ रुपये अधिक जीएसटी होतो. त्यात नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर पाच वर्षांत विभागून मिळवा, टायर, बॅटरी, वर्षाची सर्व्हिसिंग आणि मिस्त्रींनी लिहून दिलेल्या यादीची रक्कम दोन वर्षांत विभागून मिळवा, आणि जी वार्षिक रक्कम येईल तिच्यात भाड्याच्या किती फेऱ्या बसतात, ते पाहा. आम्ही हा हिशेब मांडला तेव्हा निव्वळ पैशांत भाड्याची गाडी स्वस्त पडत होती. तरीही आम्ही गाडी ठेवली, कारण आईला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ येते आणि त्या वेळी भाड्याच्या गाडीची वाट पाहणे आम्हाला नको होते. हा निर्णय हिशेबाविरुद्ध आहे हे जाणून घेतलेला आहे.

तुमच्या घरी सासूबाईंची प्रकृती कशी आहे, हे तुम्हालाच ठाऊक. त्यांचे मतही स्पष्टपणे विचारा. "यजमानांची गाडी" म्हणून त्यांना ती हवी असेल असे घरातले सर्वजण धरून चालतात आणि त्यांना मात्र कोणी विचारत नाही, असे होऊ नये.

पन्हाळा_रोड

आपला मुद्दा विचार करण्यासारखा आहे. दुचाकीवर तिघांनी जाण्यापेक्षा पट्टे लावून जुन्या मोटारीत जाणे निश्चितच सुरक्षित आहे, त्याविषयी माझे दुमत नाही. गाडी ठेवायचीच ठरली, तर मागच्या आसनांवरच्या प्रत्येकाने पट्टा लावल्याशिवाय गाडी जागची हलवू नये. कायद्यानेही ते बंधनकारक आहे. मुले मधल्या रांगेत बसवावीत, पुढे नकोत आणि कोणाच्या मांडीवर तर मुळीच नकोत. गळिताच्या हंगामात अंधार पडल्यावर महामार्गावरचा प्रवास टाळावा.

शाहूपुरीची_सून

सासूबाईंना काल रात्री जेवणानंतर विचारले. त्या म्हणाल्या, "गाडी त्यांनी आपल्या सोयीसाठी घेतली होती. सोय होत असेल तर ठेवा, तिची ओढाताण होत असेल तर चांगल्या माणसाला द्या. पण कोणाला फसवून देऊ नका, पुराचं पाणी लागलंय हे सांगून द्या." एवढे स्पष्ट उत्तर मिळेल, असे आमच्यापैकी कोणालाच वाटले नव्हते.

त्यानुसार आम्ही असे ठरवले आहे. एजंटांना नकार कळवला आहे. फॉर्म ३१ ची कागदपत्रे जमवायला घेतली असून नणंदबाईंनी संमतीपत्र पाठवण्याचे मान्य केले आहे. गाडी माझ्या पतींच्या नावावर होईल. बोजा काढण्यासाठी ते सोमवारी बँकेत जाणार आहेत. गाडी ओढून नेऊन उद्यमनगरात चॅसीची तपासणी करून घेऊ. चॅसी खराब निघाली तर नोंदणी न वाढवता गाडी अधिकृत भंगार केंद्रात देऊ. चांगली निघाली तर बेल्ट, बुश आणि टायर बदलून नोंदणी वाढवू आणि दोन वर्षे ठेवू. तेवढ्या काळात दर महिन्याला नव्या गाडीसाठी काही रक्कम बाजूला काढण्याचे पतींनी कबूल केले आहे, कारण एअरबॅगविषयी वाचल्यापासून ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

दोन शंका राहिल्या आहेत. भंगारात दिल्यास काही सवलत मिळते का? आणि दोन वर्षांनी विकताना नेमकी कोणती काळजी घ्यावी?

कागदपत्रे_आधी

भंगारात द्यायची झाल्यास नोंदणीकृत केंद्रातच द्या आणि त्यांच्याकडून जमा प्रमाणपत्र घ्या. ते दाखवल्यास नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट देण्याची केंद्राच्या नियमांत तरतूद आहे आणि नव्या गाडीचे नोंदणी शुल्कही माफ होते. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिल्यास यांपैकी काही मिळत नाही, शिवाय आरसी रद्द न झाल्यामुळे गाडी कागदावर तुमच्याच नावाने जिवंत राहते.

विकताना गिऱ्हाईक थेट असेल तर फॉर्म २९ ची सूचना विक्रीनंतर चौदा दिवसांच्या आत आरटीओला द्या आणि तिची पोच जपून ठेवा. खरेदीदाराचे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, तसेच गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेला, दोघांच्या सह्यांचा कागद घ्या. त्यातच २०१९ च्या पुराचा उल्लेख करा, म्हणजे सासूबाईंचे म्हणणेही पाळले जाईल आणि पुढे तक्रारीला जागा राहणार नाही. शक्य असेल तर काही रक्कम नाव बदलेपर्यंत खरेदीदाराकडे न ठेवता उलट करा: पूर्ण रक्कम आधी, आणि नाव बदलण्याच्या कामासाठी त्यांच्याकडून थोडी अनामत तुमच्याकडे, जी नवी आरसी दाखवल्यावर परत द्यायची. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला देणार असाल तर एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो अधिकृत आहे का, ते पाहा आणि फॉर्म २९ सी भरून गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद करून घ्या.

तुमच्या विम्यावर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जमला असेल तर तो गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा असतो; विक्रीच्या वेळी विमा कंपनीकडून त्याचे पत्र मागून घ्या, नव्या गाडीच्या विम्याला ते तीन वर्षांपर्यंत उपयोगी पडते. फास्टॅगही विसरू नका. तो तुमच्या खात्याशी जोडलेला असतो, त्यामुळे गाडी देताना काचेवरून काढून बँकेकडे बंद करून घ्या, नाहीतर किणी आणि तासवड्याच्या नाक्यांवरचा पुढच्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून जाईल.

आणि आता पतींच्या नावावर नोंद करताना आरसीवर नॉमिनीचे नावही घाला. २०२१ पासून तशी सोय झाली आहे.